मारणाऱ्याचा हात

पहिल्याच भेटीत बाईंनी मला विचारलं, "तुला कधी कोणी मारलंय का?"

मी बिस्किटांचा पुडा आणि गॅसवाल्याचा नंबर घेऊन गेले होते. तळोज्याच्या एका कोरियन कारखान्यात मी दुभाषी आहे. टीव्हीवरच्या मालिका बघून त्या भाषेचा नाद लागला, मग क्लास लावला, परीक्षा दिल्या, नोकरी लागली. कारखान्यात नवे साहेब आले, त्यांची बायको खारघरच्या टॉवरमध्ये चौदाव्या मजल्यावर राहायला आली, आणि तिला भाजी, डॉक्टर, इलेक्ट्रिशियन यात मदत करायचं काम माझ्याकडे आलं. मला वाटलं होतं, तांदूळ कुठला घ्यायचा ते विचारतील. साठीच्या आसपासच्या, बुटक्या, आखूड पांढऱ्या केसांच्या बाई. त्यांनी दार उघडलं, मला बसवलं, पाणी दिलं आणि हे विचारलं.

"शाळेत छडी खाल्लीय," मी म्हणाले.

कोरियन बोलतानाही माझी मराठी अशी मधूनच वर येते. त्यांच्या भाषेत छडी कोणी खात नाही. बाई माझ्याकडे बघत राहिल्या आणि मग हसल्या.

"आम्ही शिव्या खातो," त्या म्हणाल्या. "वयसुद्धा खातो. मार मात्र खात नाही. आमच्याकडे मार बसण्याला जो शब्द आहे, तोच 'बरोबर आहे' म्हणायलाही वापरतात. माझ्या आईला दोन्ही एकदमच म्हणावं लागायचं."

बाई कादंबरीकार होत्या हे मला त्या दिवशी निघताना कळलं. पॅसेजमधल्या कपाटात त्यांचीच पुस्तकं ओळीने लावलेली होती. कारखान्यात कोणाला पत्ता नव्हता, साहेब सांगायचे नाहीत. मी त्यांना त्यांच्या रीतीने 'सनसेंगनीम' म्हणायला लागले. त्याचा अर्थ शिक्षक, गुरू. पण आपण शाळेतल्या मास्तरणीला 'बाई' म्हणतो तेच त्यात आहे. घरी आईशी बोलताना मी त्यांना बाईच म्हणायचे.

त्यांची हकिकत मला एकदम कळली नाही. कधी भाजी निवडताना, कधी दातांच्या डॉक्टरकडे नंबर यायची वाट बघताना, तुकड्यातुकड्याने कळली.

त्यांचं गाव त्यांच्या देशाच्या पश्चिम किनाऱ्यावर. ओहोटी लागली की लांबवर चिखल उघडा पडतो आणि बायका त्यातून शिंपल्या काढतात. वडील गावच्या प्राथमिक शाळेत मास्तर. शाळेत त्यांनी कधी कोणावर हात उगारला नाही, म्हणून गाव त्यांना देवमाणूस म्हणायचं. घरी आले की चष्मा काढायचे, रुमालाने पुसायचे, डबीत ठेवायचे, डबी टक्कन बंद करायचे. मग कपडे बडवायचं लाकडी दांडकं उचलून बाईंच्या आईला मारायचे. पाठीवर, मांड्यांवर, पोटऱ्यांवर. कपड्याबाहेर दिसेल अशा जागी कधीच नाही. डबीचा आवाज झाला की बाई आणि त्यांचा भाऊ भिंतीकडे तोंड करून बसायचे. तसं बसायचं हेही वडिलांनीच शिकवलेलं.

"का मारायचे?" मी विचारलं.

"सूप खारट झालं म्हणून. अळणी झालं म्हणून. कधी पाऊस पडला म्हणून."

बाई सतरा वर्षांच्या असताना, ऐन थंडीत, आई शिंपल्या काढायला गेली आणि भरती आली तरी परतली नाही. तिला भरतीच्या वेळा तोंडपाठ होत्या. प्रेत दुसऱ्या दिवशी खडकांत अडकलेलं सापडलं. अंघोळ घालायला आलेल्या बायकांनी अंगावरचे जुने-नवे काळेनिळे डाग पाहिले आणि सगळं खडकांवर ढकललं. वडील निरोपाचं इतकं सुंदर बोलले की गाव ढसाढसा रडलं.

बाईंनी घर सोडलं. सोलमध्ये एका शिवणकारखान्यात लागल्या. तिथला मुकादम पेंगणाऱ्या मुलींच्या बोटांवर लोखंडी पट्टी मारायचा. मुलींनी संप केला तेव्हा मालकाने भाड्याचे गुंड आत सोडले. बाईंच्या शेजारच्या मशीनवरची मुलगी जिन्यावरून ढकलली गेली, तिचं डोकं पायरीवर आपटलं आणि ती पुन्हा उठली नाही. त्या मुलीची रिकामी गादी शेजारी असताना बाईंनी वसतिगृहात लिहायला सुरुवात केली.

पहिली कादंबरी एका देवमाणूस मास्तरावर होती. गावाने वडिलांना ओळखलं. भाऊ सोलला आला, प्रकाशकाच्या ऑफिसच्या जिन्यात त्याने बाईंना गाठलं आणि केस धरून त्यांचं तोंड कठड्यावर आपटलं. पुढचे दात गेले.

"तोच भाऊ," बाई म्हणाल्या. "माझ्या शेजारी भिंतीकडे तोंड करून बसायचा तोच." त्यांनी खालचा ओठ ओढून मला दातांचा काढता-घालता ब्रिज दाखवला.

समीक्षक म्हणाले, हिंसा फार आहे. "फार कुठे?" बाई म्हणायच्या. "घडलं त्यातलं निम्मंसुद्धा लिहिलं नव्हतं."

पुढची पुस्तकंही तशीच. कारखाना, सैनिकांची बराक, अनाथाश्रम. देशात नाव झालं, शिव्याही पोटभर खाल्ल्या. आणि मग लिहिणं थांबलं. का थांबलं ते मला एका प्रसंगाने कळलं.

खांदेश्वर स्टेशनबाहेर रिक्षास्टँडपाशी लोकांनी एक मोबाइलचोर पकडला होता. भरदुपार होती. आम्ही चष्म्याच्या दुकानातून निघालो होतो. पस्तिशीचा माणूस, शर्ट फाटलेला, डोळ्याखाली चिरलेलं, तोंडातून लाळ आणि रक्त एकत्र लोंबतंय. एकजण पट्ट्याने मारत होता, दोघं लाथा घालत होते, बाकीचे शूटिंग करत होते. "मार साल्याला," असं ज्याने म्हटलं तो माझ्या ओळखीचा होता, आमच्याच सोसायटीत राहणारा, गणपतीत आरतीला पुढे उभा असतो.

मी म्हणाले, "बाई, चला." वळून बघते तर त्या शेजारी नव्हत्या. घोळक्यात शिरल्या होत्या. खाली पडलेल्या माणसापाशी उकिडव्या बसल्या, पण बघत त्याच्याकडे नव्हत्या. मान वर करून मारणाऱ्यांची तोंडं बघत होत्या, एकेक, सावकाश. परदेशी म्हातारी अशी टक लावून बघतेय म्हटल्यावर पट्टा खाली आला. कोणीतरी म्हणालं, "ओ मॅडम, चोर हाय तो. बाजूला व्हा ना."

बाई उठल्या. पट्टेवाल्याच्या हाताच्या पेरांवरची सालं निघाली होती. त्या हाताकडे बोट दाखवून मला म्हणाल्या, "त्याला विचार, हात दुखतोय का."

"बाई, प्लीज."

"विचार."

मी विचारलं. मला वाटलं तो मलाही एक ठेवून देईल. त्याने हात उलटसुलट करून पाहिला, जणू आत्ताच सापडला. "हां, दुखतोय ना," तो म्हणाला. "हाडावर बसला त्याच्या." आणि का कोण जाणे, हसला.

पोलीस आले, गर्दी पांगली. आम्ही रिक्षात बसलो. "माझी सगळी पुस्तकं मी खालून लिहिली," त्या म्हणाल्या. "फटका कुठे बसतो ते मला माहीत आहे. तो निघतो कुठून, ते नाही. वडील डबी बंद करायचे तेव्हा त्यांच्या मनात काय असायचं? तेवढं कळल्याशिवाय आता एक ओळ लिहायला नको वाटतं."

मला ते आवडलं नाही. मारणाऱ्याच्या मनात शिरून काय करायचंय? पण त्याच आठवड्यात मी त्यांची पहिली कादंबरी मराठीत आणायला घेतली. कोणी सांगितलं नव्हतं. आईला कळावं म्हणून.

आम्ही दोघी खांदेश्वरला राहतो, आई आणि मी. बाबा गेल्यापासून संध्याकाळी सातला टीव्ही बंद करून आई देवाजवळ दिवा लावते आणि मग तिला कोणीतरी काहीतरी वाचून दाखवावं लागतं. मी रोज केलेली पानं तिला वाचायला लागले. आई ऐकताना शेंगदाण्यांची सालं काढायची आणि मधेच "मेला" एवढंच म्हणायची.

एका शनिवारी ताई आली होती. ताई माझी मोठी बहीण, लग्न होऊन कामोठ्याला दिलेली. भावोजी कळंबोलीच्या एका ट्रान्सपोर्ट कंपनीत ऑफिस सांभाळतात. दारू नाही, सिगारेट नाही, बोलणं गोड. आजारपणात आईला खांद्याचा आधार देऊन दवाखान्यात नेणारा जावई. आईच्या मैत्रिणी त्यांचं उदाहरण द्यायच्या.

मी चष्म्याच्या डबीचं प्रकरण वाचत होते. मास्तर चष्मा काढतात, पुसतात, ठेवतात. ताई भिंतीला टेकून बसली होती. ती उठली, आत गेली. नळाचा आवाज आला. मी पान संपवून आत गेले तर ती धुतलेली भांडी रॅकमधून काढून पुन्हा धूत होती.

"ताई?"

"ह्या बाईला कसं कळलं?" ती म्हणाली. माझ्याकडे पाठच होती.

"काय कसं कळलं?"

"हेसुद्धा घड्याळ काढून ठेवतात. फ्रिजवर. पट्टा नीट सरळ करतात." तिच्या हातातलं पातेलं तसंच नळाखाली वाहत होतं. "काच फुटू नये म्हणून."

मी तिच्या ड्रेसचा गळा मागून खाली ओढला. पाठीवर चार्जरच्या वायरचे वळ होते, काही लाल, काही पिवळे पडलेले, एकावर एक. आई दारात येऊन उभी राहिली होती. तिने ते बघितलं आणि शेंगदाण्यांचं ताट तिच्या हातातून सुटलं.

आम्ही तिला जाऊ नको म्हणून गळ घातली. आईने पाया पडायची धमकी दिली, मी ओरडले. रविवारी संध्याकाळी भावोजी जिलेबी घेऊन घ्यायला आले, आईला वाकून नमस्कार केला, आणि ताई आमच्याकडे न बघता त्यांच्यामागून जिना उतरून गेली.

सोमवारी मी बाईंना सगळं सांगितलं. सांगताना मी त्यांच्यावरच चिडले होते. "तुम्ही लिहिलंत. तिने ऐकलं. आता सांगा काय करायचं?"

"मला माहीत नाही," बाई म्हणाल्या.

"एवढी पुस्तकं लिहिलीत."

"माझ्या आईला मी सोडवलं नाही. मी भिंतीकडे तोंड करून बसले. सोडवलं असतं तर लिहायला लागलं नसतं." मग म्हणाल्या, "तिचा फोन आला आणि मी तुझ्याबरोबर असले, तर मला घरी सोडून जाऊ नकोस."

फोन आला तो एका बुधवारी, दुपारी. आम्ही खारघरच्या मार्केटमध्ये होतो. नुसता मिस्ड कॉल. मी उलट लावला तर उचलला गेला, पण कोणी बोललं नाही. आधी धडपडल्याचा आवाज, मग ताईचा, लहानपणी ताप चढला की कण्हायची तसा. बाईंनी माझं तोंड बघितलं आणि कोथिंबिरीची जुडी हातात तशीच घेऊन रिक्षात बसल्या.

कामोठ्याच्या त्या बिल्डिंगला लिफ्ट आहे, पण मी जिन्यानेच धावले. बाई मागून दम टाकत आल्या. बेल वाजवली. शेजारचं दार किलकिलं झालं आणि पुन्हा लागलं.

भावोजींनी दार उघडलं. केस नीट विंचरलेले, कपाळावर घाम. "अरे, या या," ते म्हणाले. "मॅडमपण आल्या? बसा, चहा टाकायला सांगतो."

हॉलमधूनच किचन दिसतं. फ्रिजवर घड्याळ होतं, पट्टा सरळ केलेलं. बाईंनी ते बघितलं. मग भावोजींच्या मनगटावर घड्याळाने उमटलेला फिकट पट्टा बघितला.

मी बेडरूममध्ये गेले. ताई कपाट आणि पलंगाच्या मधल्या फटीत जमिनीवर बसली होती. एक डोळा सुजून पूर्ण मिटलेला. फरशीवर केसांचा पुंजका पडला होता, मुळासकट. हिरव्या बांगडीची काच मनगटात रुतली होती आणि रक्त कोपरापर्यंत ओघळून सुकलं होतं. मी तिच्या बगलेत हात घालून तिला उठवलं.

"चल."

"चप्पल," ती म्हणाली. "माझी चप्पल कुठाय?"

आम्ही हॉलमध्ये आलो तर भावोजी मुख्य दाराला पाठ लावून उभे होते. आवाज अजून गोडच होता. "घरातलं होतं, मिटलं. तू कशाला टेन्शन घेतेस? तिला झोपू दे जरा."

"बाजूला व्हा."

"तुला सांगतोय ना मी."

मी ताईला घेऊन पुढे सरकले. त्यांनी माझ्या कानाखाली मारली. मला मार माहीत होता तो छडीचा. हा वेगळाच होता. एका कानात फक्त शिट्टी वाजायला लागली आणि मी टीपॉयवर पडले, काच माझ्याखाली तडकली. वर बघते तर त्यांनी ताईचे केस मुठीत धरले होते आणि तिचं डोकं दाराच्या चौकटीवर आपटत होते. ओरडत नव्हते. मोजूनमापून, खिळा ठोकावा तसं आपटत होते. बाई मधे घुसल्या. भावोजींनी त्यांच्या तोंडावर उलट्या हाताने फटका मारला. बाईंचा दातांचा ब्रिज उडून फरशीवर घरंगळत गेला.

बाई भिंतीवर आपटल्या, सावरल्या, आणि किचनमध्ये गेल्या. मला वाटलं, घाबरल्या. त्या परत आल्या तेव्हा हातात बिडाचा तवा होता, दांडा दोन्ही हातांनी धरलेला.

पहिला घाव त्यांनी ताईचे केस धरलेल्या हातावर घातला. मनगटावर. तो आवाज मी विसरणार नाही, ओला आणि कोरडा एकाच वेळी. मूठ सुटली. भावोजी किंचाळले आणि हात पोटाशी धरून खाली बसले. तेवढ्यावर थांबता आलं असतं. ताई सुटली होती, दार मोकळं होतं. बाई थांबल्या नाहीत. दुसरा घाव खांद्यावर. तिसरा कानापाशी, ओझरता, पण रक्त आलं. माणूस गुडघ्यांवर रांगत सोफ्याच्या मागे जात होता आणि "मॅडम, मॅडम" म्हणत होता, आणि बाई बोळक्या तोंडाने, तवा वर घेऊन, एक शब्द न बोलता त्याच्यामागे जात होत्या. त्यांचा चेहरा मी बघितला. चिडलेला नव्हता. कामात गुंतलेल्या माणसाचा असतो तसा होता.

मी त्यांना मागून कमरेला मिठी मारून ओढलं. एवढीशी बाई, पण मला ओढवेना. ताईच पुढे झाली. एका डोळ्याने चाचपडत तिने तव्याची कड धरली आणि मराठीत म्हणाली, "बास. ओ बाई, बास आता."

खालच्या मजल्यावरच्या कोणीतरी पोलिसांना फोन केला होता.

पोलीस ठाण्यात एक महिला उपनिरीक्षक होत्या, माझ्याच वयाच्या. आधी आम्हाला दवाखान्यात पाठवलं, तपासण्या झाल्या. माझा कानाचा पडदा फाटला होता, ताईला टाके पडले, बाईंचं उजवं मनगट सुजलं होतं. तव्याच्या दणक्याने त्यांचंही हाड चिरलं होतं. मग जबाब.

बाईंचा जबाब मीच भाषांतर करून सांगत होते. आमच्या कामाचा नियम असा की समोरचा 'मी' म्हणाला की आपणही 'मी' म्हणायचं. तर मी सांगत होते, "मी दारातून आत गेले. मला फ्रिजवर घड्याळ दिसलं. माझ्या तोंडावर मारलं. मी तवा घेतला."

"एक मिनिट," उपनिरीक्षक म्हणाल्या. "तवा तुम्ही घेतला की ह्यांनी?"

"ह्यांनी. मी ह्यांच्या वतीने बोलतेय."

"बरं. सांगा."

"मी पहिल्यांदा मारलं ते हिला सोडवायला. त्यानंतरचं सोडवायला नव्हतं. मला मारावंसं वाटलं म्हणून मारलं."

हे बोलताना मी अडखळले. कोरियनमध्ये बाईंना हळूच म्हणाले, "हे कशाला सांगताय? अडकाल." साहेबही कारखान्याच्या वकिलाला घेऊन आले होते, शेजारी मान खाली घालून बसले होते. त्यांनी बायकोच्या बाहीला हात लावला. बाई म्हणाल्या, "जे बोलले ते सांग." मी सांगितलं. उपनिरीक्षकांनी पेन थांबवून बाईंकडे बघितलं, मग लिहून घेतलं.

ताई बाकावर बसली होती. डोक्याला पट्टी, मांडीवर हात. तिला विचारलं तर "पडले" म्हणेल अशीच माझी खात्री होती. दवाखान्यात डॉक्टरला ती तसंच म्हणाली होती. पण माझं ते 'मी, मी' ऐकून तिचं काय झालं माहीत नाही. ती म्हणाली, "आता माझं लिहा. लग्नानंतरच्या पहिल्या गुढीपाडव्यापासून लिहा." आणि पाणीसुद्धा न पिता बोलत राहिली. वायर, पट्टा, गरम झारा. पोटातलं मूल पडलं तेव्हाची लाथ, जी आम्हाला बाथरूममध्ये घसरले म्हणून सांगितली होती. आई तोवर आली होती. ती भिंतीला धरून हळूहळू खाली बसली.

भावोजींनी बाईंविरुद्ध उलट तक्रार दिली. पण ती पुढे नेली नाही. साठीच्या बाईने तव्याने हात मोडला, हे त्यांना कोर्टात उभं राहून सांगायचं नसावं. ताईची केस पनवेलच्या कोर्टात चालू आहे. भावोजी जामिनावर बाहेर आहेत. मधे एकदा ते आमच्या जिन्यात ताईची वाट बघत उभे होते. तिने वर न येता रस्त्यात उभं राहून इतक्या मोठ्याने आरडाओरडा केला की अख्खी सोसायटी गॅलरीत आली. ताई आता आमच्याकडेच असते. खारघरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये रिसेप्शनवर बसते. उजव्या डोळ्याने तिला अजून अंधुक दिसतं.

साहेबांची मुदत कंपनीने संपवली. जायच्या आधी मी बाईंना भेटायला गेले तेव्हा घरभर खोकी होती. बाईंच्या हाताला प्लास्टर होतं. चहा मीच केला.

"दुखतंय?" मी विचारलं.

"दुखतंय," त्या म्हणाल्या. "पण खरं सांगू? तेव्हा बरं वाटलं. दुसऱ्या घावाला सगळ्यात बरं वाटलं." कप डाव्या हाताने धरून त्या खिडकीबाहेरच्या डोंगराकडे बघत होत्या. "एवढंच होतं. मी उगाच इतकी वर्षं काहीतरी खोल शोधत होते. वडिलांना बरं वाटायचं, बस. आणि मी त्यांचीच मुलगी."

त्या रडल्या. मी त्यांना कधी रडताना बघितलं नव्हतं. मी खोक्यांना चिकटपट्टी लावत राहिले.

नवी कादंबरी गेल्या वर्षी आली. बाईंनी मला पहिली प्रत पाठवली. मी ती एका बैठकीत वाचली आणि माझं डोकं फिरलं. त्यात उष्ण गावातला एक ऑफिस सांभाळणारा माणूस आहे, घड्याळ काढून ठेवणारा. सगळी कादंबरी त्याच्या आतून लिहिलेली. लहानपणी त्याची आई त्याचा हात चुलीवर धरायची. तो मारतो, मग बाथरूममध्ये जाऊन स्वतःचा हात गार पाण्याखाली धरतो. त्याच्या दुःखाची पानंच्या पानं. आणि शेवटी एक म्हातारी येते, त्याला मारते, आणि तिलाही गोडी लागते.

मी व्हिडिओ कॉल केला. "तुम्ही त्याला माणूस केलंत," मी म्हणाले. "माझ्या बहिणीचा डोळा अधू झाला, आणि तुम्ही त्याचे चटके लिहिताय? ते चटके तरी खरे आहेत का?"

"नाहीत. मी बनवले."

"का?"

"तो माणूसच आहे," बाई म्हणाल्या. "जनावर असता तर तुम्ही त्याला कोर्टात कशाला नेलं असतं?"

मी कॉल तोडला. चार-पाच महिने आम्ही बोललो नाही. त्यांनी एकदा हाताचा फोटो पाठवला, मनगट थोडं वाकडंच जुळलेलं. मी उत्तर दिलं नाही.

पुस्तक माझ्या टेबलावर पडून होतं. ताईला कोरियन येत नाही, पण एक दिवस लॅबमधून आल्यावर तिने ते उचललं, चाळलं आणि विचारलं, "ह्यात मी आहे?"

"नाही. भावोजी आहेत. आणि त्या स्वतः."

"वाचून दाखव."

"ताई, नको. तुला त्रास होईल."

"मला विचारून ठरव ना तू."

मग मी बसून पहिलं प्रकरण मराठीत आणलं. आवडत नसताना. दोन ठिकाणी शब्द मुद्दाम कडक केले होते, ते नंतर पुन्हा होते तसे केले. रविवारी दुपारी मी तिला वाचून दाखवायला लागले. चुलीच्या चटक्यांपाशी तिने मला थांबवलं.

"हे खोटं आहे. त्यांची आई त्यांना जिवापाड जपायची. माशातला काटा काढून भरवायची, लग्न झाल्यावरसुद्धा."

"बनवलंय म्हणून बाईंनीच सांगितलं."

ताईने मला पुढचं पान वाचायला लावलं. मग म्हणाली, "पण मारून झाल्यावर हात नळाखाली धरायचे, ते खरं आहे. हे मी बाईंना सांगितलं नव्हतं. कोणालाच सांगितलं नव्हतं."

तिने माझ्या हातातले कागद घेतले, गॅलरीच्या दारापाशी उजेडात जाऊन बसली आणि चांगल्या डोळ्याजवळ धरून स्वतःच वाचायला लागली. आई आतून म्हणाली, "पोरींनो, वरण निवतंय, जेवून घ्या आधी." कोणी उठलं नाही.